तीन हजार, दोनशे पासष्ट, आणि आता दोनशेच्या आत: आर१३६ए१ या ताऱ्याचे वस्तुमान घटत का गेले?

नभांगण यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेच्या ग्रंथालयातील जुनी मासिके आवरताना १९८० च्या दशकाच्या आरंभीचा एक अंक हाती लागला. मोठ्या मॅगेलानिक मेघातील आर१३६ हा तेजस्वी ठिपका म्हणजे एकच तारा असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या दोन ते तीन हजार पट असावे, असे त्यात लिहिले होते. २०१० मध्ये याच ठिकाणच्या आर१३६ए१ या ताऱ्यासाठी २६५ हा आकडा वर्तमानपत्रात वाचल्याचे मला आठवते, आणि आता शोधले तर २०० च्याही किंचित खालचा आकडा सापडतो. नववीच्या एका विद्यार्थिनीने हे तिन्ही आकडे फळ्यावर एकाखाली एक मांडले आणि विचारले, की चाळीस वर्षांत तारा एवढा झिजला का?

तारा झिजला नाही, आपले मोजमाप बदलले, एवढे मी तिला सांगितले. परंतु ते का बदलले हे मला नीट सांगता आले नाही. इतक्या दूरच्या ताऱ्याचे वस्तुमान ठरवतात तरी कसे? तारा जास्तीत जास्त किती जड असू शकतो, आणि त्याला अडवणारे नेमके काय असते? चंद्रशेखर मर्यादा म्हणतात ती हीच का? जाणकारांनी थोडे विस्ताराने लिहावे, म्हणजे तिला अर्धवट उत्तर देण्याची वेळ माझ्यावर पुन्हा येणार नाही.

वर्णरेषा यांचे उत्तर

आपल्या विद्यार्थिनीने आकडे एकाखाली एक मांडले हे फार चांगले केले, कारण या विषयाचा सगळा इतिहास त्या तीन ओळींत आहे.

आर१३६ हा टॅरँट्युला तेजोमेघाच्या मध्यभागी असलेला तारकागुच्छ आहे. तो आपल्यापासून सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूर आहे. जमिनीवरील दुर्बिणीतून पाहताना पृथ्वीच्या वातावरणातील खळबळीमुळे ताऱ्याची प्रतिमा पसरते आणि अगदी जवळजवळ असलेले तारे एकमेकांत मिसळून एकच ठिपका दिसतो. १९८० च्या सुमारास आर१३६ च्या गाभ्याचे असेच झाले होते. त्या ठिपक्याचा अतिनील वर्णपट तपासला असता तो अत्यंत तप्त आणि जोरदार वारा सोडणाऱ्या ताऱ्यासारखा दिसला, आणि एवढे तेज एकाच ताऱ्याचे मानले तर त्याचे वस्तुमान हजारोंच्या घरात जाते. आपल्या अंकातील आकडा तेथून आलेला आहे. गणितात चूक नव्हती. एका ठिपक्यात एकच तारा आहे हे गृहीतक चुकले होते.

१९८५ मध्ये गेर्ड वायगेल्ट आणि गेरहार्ड बायर यांनी अतिशय अल्पकाळाची असंख्य छायाचित्रे एकत्र करून वातावरणाचा परिणाम वजा करण्याची पद्धत वापरली, तेव्हा त्या एका ठिपक्याचे आठ तारे झाले. पुढे हबल दुर्बिणीने अवकाशातून पाहून हेच दाखवले. तीन हजार सूर्यांचा तारा त्या दिवशी संपला, आणि उरलेल्यांपैकी सर्वांत तेजस्वी ताऱ्याला आर१३६ए१ म्हणू लागले.

२०१० मध्ये पॉल क्राउथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीमधील व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या साहाय्याने या ताऱ्यांचे वर्णपट वेगवेगळे मिळवले आणि ए१ चे सध्याचे वस्तुमान सुमारे २६५ व जन्मवेळचे सुमारे ३२० सौर वस्तुमाने असल्याचे मांडले. ही पद्धत आपल्या मुख्य प्रश्नाशी निगडित असल्यामुळे थोडी सविस्तर सांगतो. वर्णपटातील रेषांवरून पृष्ठभागाचे तापमान कळते. या ताऱ्याचे ते ४५ ते ५० हजार अंशांच्या आसपास आहे. दिसणारे तेज, अंतर आणि वाटेतील धुळीने गिळलेला प्रकाश यांचा हिशेब केला की ताऱ्याची खरी दीप्ती मिळते. त्यानंतर एवढे तापमान आणि एवढी दीप्ती असलेला तारा किती जड असला पाहिजे, हे ताऱ्यांच्या अंतरंगाच्या सैद्धांतिक प्रतिमानांवरून काढतात. म्हणजे येथे वस्तुमान तोललेले नसते, प्रकाशावरून अनुमानलेले असते. आणि त्या प्रकाशात शेजाऱ्याचा प्रकाश मिसळलेला असेल, तर तो तितका अधिक जड ठरतो.

तिसरा आकडा याच कारणाने आला. ए१ आणि ए२ यांच्यात जेमतेम एक दशांश विकलेचे अंतर आहे, म्हणजे एका अंशाचा छत्तीस हजारावा भाग. २०२२ मध्ये चिलीतीलच ८.१ मीटर व्यासाच्या जेमिनी साऊथ दुर्बिणीवर झोरो या उपकरणाने प्रत्येकी ६० मिलिसेकंदांची ४० हजार छायाचित्रे घेण्यात आली. त्यांतून ए१ भोवतीचे अंधूक शेजारी वेगळे झाले, ए१ च्या वाट्याचे तेज कमी भरले आणि वस्तुमान १९६ सौर वस्तुमानांवर आले. या आकड्याला वर ३४ आणि खाली २७ इतकी अनिश्चितता जोडलेली आहे, हेही विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. या संशोधकांच्या निष्कर्षांनुसार ए२ आणि ए३ हे तारेही प्रत्येकी दीडशे सूर्यांच्या आसपासचे आहेत.

खरोखर तोलून काढलेले वस्तुमान हवे असेल तर जोडतारा लागतो. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील आणि आपल्या दिशेने पाहता एकमेकांना झाकत असतील, तर त्यांचा वेग आणि कालावधी यांवरून गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने वस्तुमान थेट काढता येते. डब्ल्यूआर२०ए या जोडीतील तारे सुमारे ८२ आणि ८३ सूर्यांइतके असल्याचे २००४ मध्ये असेच कळले. एनजीसी ३६०३ या गुच्छातील ए१ नावाच्या जोडीची कक्षा ३.७७ दिवसांची असून तिचे घटक ११६ आणि ८९ सूर्यांइतके असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे शंभर सूर्यांपर्यंतच्या ताऱ्यांविषयी आपण पक्क्या जमिनीवर आहोत. त्यापुढचे आकडे वाचताना ते तोलून आलेले आहेत की प्रकाशावरून, हा प्रश्न मी स्वतः प्रत्येक वेळी विचारतो.

दीपमाळ यांचे उत्तर

वर्णरेषा यांनी मोजमापाचा भाग उत्तम मांडला आहे. मी आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण ताऱ्याला अडवणारी गोष्ट म्हणजे त्याचा स्वतःचा प्रकाश आहे, आणि ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

आधी चंद्रशेखर मर्यादेचे. ती सुमारे १.४ सौर वस्तुमानांची असून श्वेत बटू ताऱ्यांना, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांना लागू होते. आपण बोलत आहोत त्या मर्यादेला आर्थर एडिंग्टन यांचे नाव आहे. १९३५ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत तरुण चंद्रशेखरांच्या निष्कर्षाला जाहीर विरोध करणारे एडिंग्टन ते हेच. दोघांची नावे अशी एकत्र येत असल्यामुळे हा गोंधळ पुष्कळांचा होतो.

तारा म्हणजे दोन ओढींमधला समतोल. गुरुत्वाकर्षण आत ओढते, तप्त वायूचा दाब बाहेर ढकलतो. सूर्यात एवढ्यावर भागते. परंतु प्रकाशालाही दाब असतो. वायूचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो, तर प्रकाशाचा दाब तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो. सूर्याच्या केंद्राशी प्रकाशाच्या दाबाचा वाटा हजारात एका भागाहूनही कमी आहे. शंभर-दोनशे सूर्यांच्या ताऱ्यात मात्र तोच मुख्य आधार होऊन बसतो.

आता पृष्ठभागाकडे या. बाहेर निघालेला प्रकाश तेथील मुक्त इलेक्ट्रॉनांना ढकलतो आणि विद्युत आकर्षणामुळे प्रोटॉनही त्यांच्यामागून ओढले जातात. गुरुत्वाकर्षण त्याच प्रोटॉनांना आत खेचत असते. या दोन्ही शक्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतात, आणि म्हणून तारा फुगला काय किंवा आकसला काय, त्यांच्यातील तुलना तीच राहते. निकाल लागतो तो फक्त दीप्ती आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तरावर. एका सौर वस्तुमानामागे साधारण ३२ हजार सूर्यांइतकी दीप्ती झाली की प्रकाशाचा रेटा गुरुत्वाकर्षणाला भारी पडतो. दोनशे सूर्यांच्या ताऱ्यासाठी ही मर्यादा ६४ लाख सूर्यांच्या दीप्तीवर येते. आर१३६ए१ ची दीप्ती ५० लाखांच्या घरात आहे. तो काठावर उभा आहे, हे या साध्या गुणाकारातून विद्यार्थ्यांनाही दिसेल.

मात्र ही मर्यादा म्हणजे दगडी भिंत आहे, असे कृपया सांगू नये. लहान ताऱ्यांत वस्तुमान दुप्पट झाले तर दीप्ती दहापटीहून अधिक वाढते. अतिजड ताऱ्यांत ही वाढ मंदावत जाते आणि शेवटी दीप्ती जवळजवळ वस्तुमानाच्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे तारा मर्यादेच्या जवळ जात राहतो, पण ती एका झटक्यात ओलांडत नाही. प्रत्यक्षात होते ते असे, की त्याचे बाहेरचे थर सैल पडतात आणि वाऱ्याच्या रूपाने निसटू लागतात. लोह आणि तत्सम जड मूलद्रव्यांचे आयन आपापल्या वर्णरेषांच्या जागी प्रकाश अडवतात आणि तो धक्का वायूला देतात. या वाऱ्याला बळ मिळते ते यातूनच. आर१३६ए१ चा वारा सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने वाहतो आणि दरवर्षी पृथ्वीच्या दहा-पंधरा पट द्रव्य घेऊन जातो. सूर्यही वारा सोडतो, पण त्याच्या तुलनेत ही गळती सुमारे अब्जपट आहे. अशा वाऱ्यामुळे वर्णपटात रुंद, ठळक उत्सर्जन रेषा दिसतात. त्या प्रकारचे तारे पॅरिसच्या वेधशाळेत शार्ल वोल्फ आणि जॉर्ज राये यांना १८६७ मध्ये प्रथम दिसले, आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

निसर्गात प्रत्यक्ष आढळणारी कमाल मर्यादा किती, यावर मतभेद आहेत. २००५ मध्ये डॉनल्ड फिगर यांनी आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या आर्चेस गुच्छातील ताऱ्यांची मोजदाद केली. एवढ्या मोठ्या गुच्छात १५० सूर्यांहून जड असे काही तारे सापडायला हवे होते, परंतु एकही सापडला नाही. त्यावरून त्यांनी १५० ही मर्यादा सुचवली. २०१० च्या संशोधनाने तिला आव्हान दिले. माझ्या मते फिगर यांची पद्धत सरळ होती, पण अशा गुच्छाचे वय वीस-तीस लाख वर्षे जरी असले तरी त्यातील सर्वांत जड तारे तोवर झिजलेले किंवा संपलेले असतात, आणि हा मुद्दा दुर्लक्षून चालत नाही.

नभांगण

दोघांचेही मनापासून आभार. गुणाकाराचे उदाहरण मी उद्याच वर्गात घेणार आहे. दोन शंका उरल्या. मुलांना मृग नक्षत्रातील काक्षी हा तारा ठाऊक आहे आणि तो सूर्याच्या शेकडो पट मोठा असल्याचे त्यांनी वाचले आहे; मग तो आर१३६ए१ पेक्षा जड नाही का? आणि ज्याच्याकडे दोनशेपट इंधन आहे तो तारा सूर्यापेक्षा कितीतरी आधी कसा संपतो?

दीपमाळ यांचे उत्तर

पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात देता येते. आकार आणि वस्तुमान या वेगळ्या गोष्टी आहेत. काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज, सूर्याच्या सातशेपटींहून अधिक रुंद असला तरी त्याचे वस्तुमान सूर्याच्या वीसपटींच्या आतले आहे. तो म्हातारपणी फुगलेला, थंड आणि अतिविरळ वायूचा गोळा आहे. आर१३६ए१ ची रुंदी सूर्याच्या तीस-चाळीस पटच आहे. जाणूनबुजून सोपे करून सांगायचे तर काक्षी हा कापसाचा ढीग आहे आणि आर१३६ए१ ही धान्याची गच्च भरलेली कणगी.

दुसऱ्या शंकेसाठी फळ्यावर हिशेब करा. इंधन दोनशेपट आहे, पण खर्च पन्नास लाख पट. भागाकार केला तर आयुष्य सूर्याच्या पंचवीस हजाराव्या भागाइतके येते. सूर्याचे आयुष्य एक हजार कोटी वर्षे धरले तर उत्तर चार लाख वर्षे. परंतु सूर्य आपल्या वस्तुमानापैकी फक्त गाभ्यातील सुमारे दहा टक्के भागच जाळतो. अतिजड ताऱ्याच्या आतले द्रव्य सतत उकळत्या भातासारखे खालीवर होत असते, बाहेरचे हायड्रोजन गाभ्यात पोचत राहते आणि वस्तुमानाचा बराच मोठा भाग इंधन म्हणून कामी येतो. म्हणजे सूर्याच्या सहापट वाटा जळाला असे धरा. उत्तर चोवीस लाख वर्षे येते, आणि सविस्तर गणितांतूनही वीस ते तीस लाख वर्षांचाच काळ मिळतो. येथे मला नेहमी थबकायला होते, की दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट थिजून साडेसहा कोटी वर्षे झाली, आणि एवढ्या काळात अशा ताऱ्यांच्या पंचवीसएक पिढ्या जन्मून संपल्या असत्या.

वाळवंटी यांचे उत्तर

एक मुद्दा राहून जातो आहे असे वाटते, म्हणून लिहितो. एवढा जड तारा मुळात तयार होतो कसा, हेही विचारले पाहिजे. भोवतालचा वायू कोसळून तारा वाढत असतानाच त्याचा प्रकाश त्या वायूला परत ढकलू लागतो. वायू सर्व बाजूंनी सारखा कोसळला असता तर तारा फार लवकर उपाशी राहिला असता; परंतु वायू चकतीच्या रूपाने विषुववृत्ताच्या बाजूने आत येतो आणि प्रकाश ध्रुवांच्या बाजूने निसटतो, असे आज मानले जाते. दुसरी वाट विलीनीकरणाची आहे. अतितप्त ताऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक तारे आयुष्यात कधीतरी आपल्या जोडीदाराशी द्रव्याची देवाणघेवाण करतील, असे २०१२ मधील एका पाहणीत दिसून आले, आणि त्यांतील काही जोड्या पुढे एकजीवच होतात.

यावरून मला वर्णरेषा यांना विचारावेसे वाटते: आर१३६ए१ च्या आत अजून एक जोडीदार लपलेला नाही, याची खात्री काय?

वर्णरेषा यांचे उत्तर

शंका रास्त आहे आणि पूर्ण खात्री कोणीही देणार नाही. दोन अतिजड तारे जवळजवळ फिरत असतील तर त्यांचे वारे एकमेकांवर आदळतात आणि तेथून तीव्र क्ष-किरण निघतात. त्याच तेजोमेघातील मेलनिक ३४ ही जोडी अशीच क्ष-किरणांत झळकते. तिचा कालावधी सुमारे १५५ दिवसांचा असून दोन्ही घटक सव्वाशे सूर्यांहून जड असल्याचे २०१९ मध्ये मांडले गेले. आर१३६ए१ त्या मानाने क्ष-किरणांत मंद आहे, म्हणून तुल्यबळ जोडीदार जवळ असण्याची शक्यता कमी वाटते. हलका जोडीदार मात्र असू शकतो, आणि तो सापडला तर विद्यार्थिनीच्या फळ्यावर चौथी ओळ लिहावी लागेल.

दीपमाळ यांची भर

शेवटाविषयी कोणी विचारले नाही, तरी लिहितो, कारण त्यात आपल्या राज्याचा संबंध आहे. हेलियमचा गाभा साधारण ६४ ते १३३ सौर वस्तुमानांचा असेल तर त्यातील तापमान अब्ज अंशांच्या घरात गेल्यावर गॅमा किरणांपासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या जोड्या बनू लागतात. ज्या प्रकाशाच्या दाबावर तारा उभा होता तो प्रकाशच असा द्रव्यात बदलून कमी होतो, गाभा कोसळतो, ऑक्सिजन एकदम पेटतो आणि सबंध तारा विखरून जातो. मागे कृष्णविवरसुद्धा उरत नाही. ही कल्पना १९६७ पासूनची आहे. तिच्यानुसार साधारण पन्नास ते सव्वाशे सूर्यांच्या दरम्यानची कृष्णविवरे एकेकट्या ताऱ्यांपासून बनू नयेत. ज्यांत जड मूलद्रव्ये नव्हती अशा विश्वातील पहिल्या ताऱ्यांचा वारा क्षीण असणार, म्हणून त्यांच्यापैकी काहींचा शेवट असा झाला असावा; आर१३६ए१ मात्र वाऱ्यातूनच बरेच वस्तुमान गमावून बसेल, अशी अपेक्षा आहे.

मग २१ मे २०१९ रोजी लायगो आणि व्हर्गो या शोधकांना गुरुत्वीय लहरींचा जो संकेत मिळाला, त्यात सुमारे ८५ आणि ६६ सूर्यांची कृष्णविवरे एकत्र आली होती. ८५ चे विवर नेमके त्या निषिद्ध पट्ट्यात येते. ते आधीच्या विलीनीकरणातून बनले की आपले ताऱ्यांविषयीचे गणित सुधारायला हवे, याचा निवाडा व्हायला असे आणखी संकेत आणि त्यांच्या दिशांची अचूक माहिती लागेल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. इतर शोधकांपासून दूर असलेल्या या जागेमुळे दिशा ठरवण्याचे काम अधिक नेमके होईल.

दक्षिणक्षितिज यांचे उत्तर

मी सिंधुदुर्गात राहतो आणि गेली बरीच वर्षे सड्यावरून दक्षिणेचे आकाश पाहतो. नभांगण, मुलांना एखादा अतिजड तारा प्रत्यक्ष दाखवायचा असेल तर आर१३६ चा नाद सोडावा. तो आमच्याकडे क्षितिजापासून पाच अंशांहून वर येत नाही, आणि पुण्याहून तर दोन-अडीच अंशच. त्याऐवजी ईटा कॅरिनी पाहावा. सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षांवरची ही जोडी साडेपाच वर्षांत एक फेरी पूर्ण करते, आणि तिच्यातील मोठा तारा शंभर सूर्यांच्या आसपासचा मानला जातो.

१८३७ च्या डिसेंबरात केप ऑफ गुड होप येथे असलेल्या जॉन हर्शेल यांना तो अचानक तेजाळलेला दिसला, आणि १८४३ मध्ये तर व्याधाखालोखाल तेजस्वी तारा म्हणून तो काही काळ झळकला. त्या उद्रेकात त्याने किमान दहा सूर्यांइतके द्रव्य बाहेर फेकले आणि तरीही तो टिकून राहिला; ते द्रव्य आज दोन फुग्यांच्या आकाराच्या तेजोमेघाच्या रूपाने त्याच्याभोवती पसरत आहे. दीपमाळ यांनी सांगितलेल्या काठावर उभे राहिल्यावर काय घडते, याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

एप्रिलच्या मध्याला, चंद्र नसलेल्या रात्री, पावणेदहाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो. अगस्त्य तेव्हा नैऋत्येला मावळतीला टेकलेला असतो आणि आग्नेयेच्या बाजूला त्रिशंकू वर आलेला असतो. त्रिशंकूच्या उजवीकडे, जवळपास तितक्याच उंचीवर साधी दुर्बीण फिरवली की एक धूसर, पांढुरका डाग सापडतो. ईटा कॅरिनी त्याच डागाच्या आत आहे. मालवणच्या अक्षांशावर तो चौदा अंश वर असतो, पुण्याच्या अक्षांशावर सुमारे बारा. दक्षिणेकडे शहराचा उजेड किंवा डोंगर नसेल अशी जागा मात्र दिवसाउजेडी जाऊन आधी पाहून ठेवावी.